झाकायच्या आधी लिही

गुळगुळे हे त्याचं आडनाव नव्हतं, पदवी होती. लोकांनी दिलेली, त्यामुळे परत करायची सोय नाही. चाळीस वर्षं गिलावा करणाऱ्या या गवंड्यानं हात फिरवलेल्या भिंतीवरून माशी घसरते, असं लोक म्हणायचे. माशी काही घसरत नाही, तिचे पायच तसे असतात, पण लोकांच्या तोंडाला कोण लागणार. गुळगुळे मिस्त्री म्हटलं की पलीकडच्या वस्तीतलं पोरसुद्धा बोट दाखवून त्याचं घर सांगायचं.

त्याच्या वस्तादानं त्याला दोन गोष्टी शिकवल्या होत्या. पहिली म्हणजे भिंत समोरून बघायची नाही. समोरून सगळ्याच भिंती शहाण्या असतात. लांब वायरचा दिवा घ्यायचा, भिंतीला खेटून धरायचा आणि उजेड भिंतीच्या अंगावरून जाऊ द्यायचा. मग जिथं फुगवटा आहे, जिथं खळगा आहे, तिथं सावली पडते आणि भिंत काय लायकीची आहे ते कळतं. दुसरी गोष्ट पेन्सिलीची. गिलावा असो की भेग बुजवणं असो, माल भरायच्या आधी आत पेन्सिलीनं लिहून ठेवायचं. तारीख, वाळू कुठली, भेग किती सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा. गवंड्याचा सगळा संसार सुतांत मोजला जातो.

"झाकायच्या आधी लिही," वस्ताद म्हणायचा. "झाकल्यावर माणूस विसरतो. आणि नाही विसरला तर खोटं बोलतो."

वस्ताद जाऊन वीस वर्षं झाली, पण गुळगुळ्याच्या कानामागची पेन्सिल काही गेली नाही. तो जे लिहायचा ते कुणी वाचणार नव्हतं, हे त्याला माहीत होतं. तरी लिहायचा. सवयच तशी पडली होती.

त्याची ताई चढावरच्या गल्लीत राहायची. डोंगराच्या पोटाला चिकटून अठ्ठावीस घरं, मधून पायऱ्यापायऱ्यांचा रस्ता, आणि खाली ओढा. आई गेली तेव्हा हा सहा वर्षांचा होता आणि ताई चौदाची. तेव्हापासून तिनं लोकांचे कपडे शिवून याला वाढवला, वस्तादाच्या हाताखाली घातला, याच्या लग्नात स्वतःच्या हातानं याचा सदरा शिवला. आता हा अठ्ठावन्नचा झाला, डोक्यावरचे केस गेले, गुडघे बोलायला लागले, तरी ताईच्या तोंडी तो बारक्याच होता. तिचा नवरा वारला, मुलगी लांब नांदायला गेली, आणि ताई त्या दोन खोल्यांत शिलाई मशीन घेऊन शाळेचे गणवेश शिवत राहिली.

तिच्या पुढच्या खोलीची भिंत गुळगुळ्यानं भाचीच्या लग्नाच्या वेळी केली होती. आयुष्यात इतका जीव लावून त्यानं दुसरी भिंत केली नाही. वाळू तीनदा चाळली, दोनदा धुतली. दिवा लावून बघितलं तर सावली म्हणून नाही. ताई भिंतीवरून हात फिरवत म्हणाली होती, "अरे, हिच्यापुढं बसायचं म्हणजे रोज केस विंचरून बसायला हवं."

आणि पुढच्याच वर्षी, पावसाचे महिने सरल्यावर, त्या भिंतीला तडा गेला.

खिडकीच्या कोपऱ्यातून निघून तिरका खाली उतरलेला, केसभर. दुसऱ्या कुणाला दिसलाही नसता. गुळगुळ्याला दिसला. त्याला वाटलं, वाळूत माती राहिली असेल. पाणी कमी मारलं असेल. नाहीतर मग सरळच आहे, वय झालं, हात गेला. कारागिराचं हे असंच असतं. दुधात माशी पडली तरी त्याला वाटतं झाकण आपणच उघडं टाकलं. दुसऱ्या कुणावर, तिसऱ्या कशावर संशय म्हणून जात नाही. ज्या बहिणीनं बोटं टोचून घेऊन आपल्याला उभं केलं, तिच्याच भिंतीला आपला हात कमी पडला, या विचारानं त्याला जेवण जाईना.

त्या रविवारी तो सामान घेऊन गेला. "ताई, जरा रंगाचा हात मारून देतो," म्हणाला. ताई म्हणाली, "मार. मी तेवढ्यात दोरा घेऊन येते." ती गेली आणि यानं तडा उघडला, आत लिहिलं, भरला, घोटला, अख्ख्या भिंतीला रंग दिला. ताई आली तेव्हा भिंत पुन्हा आरशासारखी.

पुढच्या वर्षी तडा पुन्हा आला. त्याच्याच शेजारून. एक सूत.

अशी आठ वर्षं गेली. दर वर्षी पावसाचे महिने सरले की तो जायचा, आणि दर वर्षी ताईचा दोरा नेमका त्याच दिवशी संपलेला असायचा. दोऱ्याचं दुकान गल्लीच्या तोंडाशी, जायला यायला दहा मिनिटं. ताईला दोन तास लागायचे. घरात ओल्या रंगाचा वास भरलेला असायचा. पण या शहाण्याला आठ वर्षांत एकदाही वाटलं नाही, की बहिणीला नाक आहे आणि डोळेही आहेत. तो आतून भरायचा, बाहेरून भरायचा, फरशीचे उघडलेले सांधे बुजवायचा, दार चौकटीला अडायला लागलं की रंधा मारून द्यायचा. त्याच्या त्या पापावर त्यानं इतकं सुंदर पांघरूण घातलं होतं की जगात कुणाला ते दिसणं शक्य नव्हतं.

यंदा मात्र गल्लीत एक बाई आली. वय असेल तीस-बत्तीस, पायात जाड बूट, पाठीवर पिशवी, हातात हातोडी. ती सरकारी खात्यातली जमिनीची तज्ज्ञ होती, पण गल्लीत तिचं नाव पहिल्याच दिवशी 'खुंटीवाली' पडलं, कारण ती दिसेल तिथं जमिनीत लोखंडी खुंट्या ठोकायची आणि तिवईवरच्या दुर्बिणीतून त्यांच्याकडे बघत बसायची. मग ती घरोघर फिरून भिंती तपासायला लागली. ताईनं भावाला निरोप धाडला. "ती बाई मंगळवारी आपल्याकडे येणार आहे. तू ये. मला तिचं बोलणं कळलं नाही तर तू समजावून सांग."

तो गेला. खुंटीवालीनं पुढची खोली बघितली, मागची बघितली, बाहेरून फेरी मारली, फरशीवर उकिडवी बसून सांधे बघितले. मग त्या भिंतीपुढं उभी राहिली.

"मावशी, ही भिंत कुणी केली?"

"माझ्या भावानं. हा काय, हाच." ताईची मान इतकी ताठ झाली की पदर सावरावा लागला.

"कमाल आहे. गल्लीच्या या भागात तडा नसलेलं हे एकच घर सापडलं मला." तिनं वहीत काहीतरी लिहिलं. "वरची पाच घरं तडकलीत, खालची सहा तडकलीत, दोन्ही बाजूंची तडकलीत. मधलं एवढं एकच घर शाबूत कसं, हेच कळत नाही. खाली खडक वर आला असेल कदाचित."

ताईनं चहा केला. खुंटीवाली चहा पिताना सांगत होती. खाली घट्ट खडक आहे, त्याच्यावर वीस-पंचवीस फूट माती. डोंगरात पाणी मुरलं की ही माती खडकावरून सरकायला लागते. एका दिवसात नाही. केसाकेसानं, वर्षानुवर्षं. "डोंगर उभा दिसतो म्हणून आपण समजतो तो थांबलाय," ती म्हणाली. "तो थांबलेला नसतोच, मावशी. ते विजेचे खांब बघा, सगळे ओढ्याकडे झुकलेत. झाडांची खोडं बुडाशी वाकलीत, कारण जमीन खाली गेली आणि झाड मात्र सरळ व्हायला धडपडतंय. आणि घरांचे तडे बघा. सगळे खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेत आणि सगळे एकाच दिशेनं तिरके उतरलेत."

गुळगुळ्यानं खिडकीच्या कोपऱ्याकडे बघितलं.

"मग आता?" ताईनं विचारलं.

"ज्या घरांना तडे आहेत त्यांची यादी शुक्रवारी जाईल. पाऊस सुरू व्हायच्या आधी त्या सगळ्यांना शाळेमागच्या नव्या खोल्यांत हलवायचं. खोल्या मोजक्याच आहेत, तडे बघूनच द्याव्या लागतायत. तुमचं घर यादीत नाही. तुम्ही निर्धास्त राहा."

"बरं झालं बाई," ताई म्हणाली. "या वयात मला कुठं जायला सांगू नका. मी आपली माझ्या भावाच्या भिंतीत बरी आहे."

पायाखालची वाळू सरकणे असं आपण उगाच कशालाही म्हणतो. गुळगुळ्याची त्या क्षणी खरोखर सरकत होती, आणि ती आठ वर्षांपासून सरकत होती, आणि त्यानं तिच्यावर रंगाचे हात मारले होते. त्याचवेळी त्याला तोंड उघडता आलं असतं. नाही उघडलं. खुंटीवाली गेली, ताईनं कप विसळले, तो पायऱ्या उतरून घरी आला.

बायकोनं विचारलं, "भाजीत मीठ कमी झालंय का?" तो म्हणाला, "नाही, बरोबर आहे." आणि ताट तसंच राहिलं.

त्याच्या मनात काय चाललं होतं ते सांगायला हवं, उगाच त्याला देवमाणूस करण्यात अर्थ नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, हा विचार आधी आला. गुळगुळे मिस्त्रीनं तडे लपवले, हे एकदा बाहेर पडलं की गावातला प्रत्येक माणूस आपापल्या भिंतीवर टकटक करून बघणार, आत काय दडवलंय म्हणून. चाळीस वर्षांचं नाव एका दुपारीत पुसलं जाणार. दुसरा विचार ताईचा. तिला घर सोडायचं नाही. ती सुखात आहे. कुणी सांगावं, खाली खरंच खडक असेल. आणि तिसरा विचार, जो त्यानं आपणहून केला नाही, जो येऊन बसला तो हलेना, तो असा की पाऊस सुरू होणार, आजूबाजूची माणसं निघून गेलेली असणार, आणि त्या उतारावर ताई एकटी मशीन चालवत बसलेली असणार. त्या भिंतीच्या भरवशावर.

बुधवारी सकाळी तो ओळंबा घेऊन गल्लीत गेला. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं वजन, बाकी काही नाही, पण जगात खोटं न बोलणारी वस्तू कुठली म्हणाल तर ती हीच. ताई पाण्याला गेली होती. त्यानं तिच्या दाराच्या चौकटीला ओळंबा सोडला. ही चौकट त्यानंच बसवली होती, सुताचाही फरक न ठेवता. वरून सोडलेलं वजन खाली चौकटीपासून बोटभर लांब लोंबत राहिलं. त्यानं ते थांबवलं, पुन्हा सोडलं. पुन्हा बोटभर.

हात गेला नव्हता. त्याला आधी हे सुचलं, आणि क्षणभर बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची मग इतकी लाज वाटली की तो उंबऱ्यावरच बसला. आठ वर्षं भिंत ओरडून सांगत होती आणि त्यानं दर वर्षी तिच्या तोंडात माल भरला होता.

गुरुवारी तो छिन्नी-हातोडी घेऊन आला. ताई मशीनवर होती. समोर निळ्या कापडाचा ढीग, एकवीस गणवेश द्यायचे होते. त्याच्या हातातलं सामान बघून ती नेहमीसारखी उठली.

"रंग द्यायला आलास? अरे, दोरा संपलाच आहे माझा. जाऊन येते."

"नको जाऊस. आज बस."

"मग धूळ उडेल ती माझ्या कापडावर."

"उडू दे. चादर टाक त्याच्यावर." त्याचा आवाज बदललेला तिला कळला. तिनं चादर टाकली आणि स्टुलावर बसली.

त्यानं खिडकीच्या कोपऱ्याला छिन्नी लावली. हातोडी उचलली, पण मारवेना. आपल्याच हातानं घडवलेल्या मुलाला मारायला हात उचलावा तसं झालं. मग मारली. पहिल्या ठोक्याला पोपडा उडाला, दुसऱ्याला टवका, आणि मग ती आरशासारखी भिंत वर खाली उघडत गेली. तासभर हे चाललं. धूळ खाली बसली तेव्हा भिंतीत खिडकीपासून फरशीपर्यंत तिरका पट्टा उघडा पडला होता, जवळजवळ दोन इंच रुंदीचा. आत एकाला एक लागून आठ थर. एक पिवळट नदीच्या वाळूचा, एक करडा दगडाच्या भुकटीचा, पुन्हा पिवळा, एक पांढुरका. आणि प्रत्येक थराच्या कडेला पेन्सिलीनं लिहिलेलं.

त्यानं दिवा लावला, भिंतीला खेटून धरला आणि ताईला वाचून दाखवलं. पहिलं वर्ष, केसभर. दुसरं, एक सूत. तिसरं, एक. चौथं, दीड. पाचवं, दोन. सहावं, दोन. सातवं, तीन. आठवं, म्हणजे गेल्या वर्षीचं, चार.

"ताई, हा तडा मी आठ वर्षं तुझ्यापासून लपवला," तो म्हणाला. "मला वाटलं माझं काम कच्चं निघालं. तुला तोंड दाखवायची लाज वाटायची म्हणून तू दोऱ्याला गेलीस की बुजवत होतो. काम कच्चं नव्हतं. घराखालची जमीन चालली आहे. ती बाई म्हणाली ना, मधलंच घर शाबूत कसं? हे असं. माझ्यामुळं तुझं नाव यादीत नाही. तुझ्या जिवावर बेतलं असतं, आणि ते मी केलं असतं."

त्याला वाटलं ती रागावेल. रागावली असती तर बरं झालं असतं. ती उठली, मशीनपाशी गेली आणि म्हणाली, "इकडे ये. याला हात लाव. ओढ्याकडची बाजू उचल."

जुनं बिडाचं, पायानं चालवायचं मशीन, चांगलंच जड. त्यानं दोन्ही हातांनी उचलून धरलं. ताई गुडघ्यावर बसली आणि मशीनच्या पायांखालून पुठ्ठ्यांची चळत ओढून काढली. जुन्या कॅलेंडरच्या मागचे पुठ्ठे, चौकोनी कापलेले, एकेका वर्षाचे वेगळे, मशीनच्या दोऱ्यानं बांधलेले. त्यानं मशीन खाली टेकवलं, तिनं पुठ्ठे फरशीवर ओळीनं मांडले. वर्षं छापलेलीच होती. पहिल्या वर्षाचा एक पुठ्ठा. पुढच्याचा एक. मग दोन, मग दोन. शेवटच्या जुडीत चार.

"मशीन डुगडुगलं की शिवण वाकडी जाते," ती म्हणाली. "म्हणून दर वर्षी सारखं करून घ्यायची. ओढ्याकडचीच बाजू खाली जायची."

"तुला माहीत होतं?"

"तडा मला तुझ्याआधी दिसला होता. मी दिवसभर त्या भिंतीकडे तोंड करून बसते रे. दुसरं बघायला काय आहे मला?"

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? बारक्या, तुझी भिंत फुटली म्हणून सांगू? तुझं तोंड कसं झालं असतं ते मला ठाऊक नाही का? पहिल्या वर्षी तू आलास, तुझा चेहरा बघितला आणि मी आपली दोऱ्याला निघाले. वरच्या आळीच्या बाकावर बसून राहायची दोन तास. पावसाळा सरला की मला वाटायचं, आता येईल माझा भाऊ गुपचूप. आणि तू यायचास." तिनं पदरानं नाक पुसलं. "माझ्याकडे आता आठ वर्षं पुरेल एवढा दोरा साठलाय. ट्रंक उघडून बघ."

त्याला हसू आलं आणि रडूही आलं, आणि त्या वयाच्या पुरुषाला दोन्ही एकदम आलं की जे होतं ते झालं. तो फरशीवर, पुठ्ठ्यांच्या शेजारी बसून राहिला. त्यानं तिच्यासाठी लपवलं होतं, तिनं त्याच्यासाठी लपवलं होतं, आणि दोघांच्या त्या मायेखाली डोंगर निवांत सरकत होता.

"घर सोडावं लागेल का?" ताईनं विचारलं.

"हो."

"तूच सांगतोयस म्हणजे खरंच असेल." तिनं भिंतीकडे एकदा बघितलं, मग कापडावरची चादर झटकली. "मशीन नीट सारखं करून दे. एकवीस गणवेश पुरे करून देते. मग काय ते बघू."

खुंटीवालीला बोलावून आणायला तो स्वतः गेला. गल्लीतली दहा-बारा माणसं मागोमाग आली, दारात गर्दी झाली. तो त्या सगळ्यांसमोर म्हणाला, "मॅडम, तुमच्या वहीत खोटं लिहिलं गेलंय. ते माझ्यामुळं." आणि भिंत दाखवली. दारातून कुणीतरी म्हणालं, "वरून कीर्तन, आतून तमाशा." त्यानं ते ऐकलं आणि गिळलं.

खुंटीवालीचं त्या टोमण्याकडे लक्ष नव्हतं. ती थरांपुढं बसली, बोटानं एकेक थर मोजला, लिहिलेलं वाचलं, मग पुठ्ठे बघितले, पुन्हा थरांकडे आली. "कापलेल्या डोंगरात असेच थर दिसतात," ती हळूच म्हणाली. मग वहीत एक तिरकी रेघ काढली, जी आधी हळूहळू चढत होती आणि शेवटी उभी व्हायला लागली होती.

"काका, तुम्हाला कळतंय का तुम्ही काय ठेवलंय? माझ्या खुंट्या दोन महिन्यांच्या आहेत. हे आठ वर्षांचं आहे. बाकीची घरं नुसतं तडकलोय म्हणून सांगतात, कधी आणि किती हे कुणालाच आठवत नाही. हे वाढत चाललंय. दर वर्षी जास्त." ती उठली. "आणि तुमचं घर सरकणाऱ्या भागाच्या मधोमध आहे. म्हणजे कड मला वाटली त्याच्या बरीच वर आहे. अगदी वरची सात घरं तडे नाहीत म्हणून मी मोकळी सोडली होती. तीही हलवावी लागतील."

टोमणा मारणारा माणूस पुढं येऊन वहीत डोकावायला लागला. वरच्या सात घरांतलं एक त्याचंच होतं. खोल्या अपुऱ्या पडणार, हे उघड होतं. शेवटी खुंटीवालीनं दोन दिवस भांडून शाळेच्या दोन वर्गखोल्याही मिळवल्या, आणि पावसाच्या आठ दिवस आधी गल्लीतला शेवटचा माणूस सामान घेऊन उतरला. ताईनं एकवीस गणवेश वेळेवर दिले. निघताना तिनं दाराला कुलूप लावलं, मग स्वतःशीच हसून कुलूप काढून पिशवीत टाकलं.

डोंगर उतरला तो पावसाच्या दुसऱ्या महिन्यात, भर दुपारी. फार आवाजही झाला नाही म्हणतात. माती पाय पसरावी तशी ओढ्यापर्यंत गेली आणि थांबली. माणूस एकही गेला नाही. गल्ली गेली.

उघडीप पडल्यावर भाऊबहीण बघायला गेले. जिथं घर होतं तिथं ओळखीचं काही नव्हतं. रस्ता नव्हता, पायऱ्या नव्हत्या, उतारच वेगळा झाला होता. बरंच खाली, चिखलात, एक भिंतीचा तुकडा उताणा पडला होता, दाराएवढा. पावसानं तो धुऊन निघाला होता. ताई चिखलातून तिथवर गेली, वाकली आणि त्याच्यावरून हात फिरवला.

"बारक्या, इकडे बघ. डोंगर पडला, पण तुझा गिलावा सुटला नाही."

तोही चिखलातून तिच्यापाशी गेला. तिनं हात साडीला पुसला आणि त्याच्या दंडाला धरून वर आली.

शाळेमागच्या नव्या खोलीत मशीन खिडकीशी मांडलं. खाली पुठ्ठा लागला नाही. हिवाळ्यात एकदा तो जेवायला गेला असता त्याची नजर भिंतीवर गेली. कोपऱ्यात, छताच्या जवळ, एक भेग. केसभर. त्याचा हात आपोआप पिशवीतल्या थापीकडे गेला.

ताई मशीनवरून न उठता म्हणाली, "दोरा आणायला जाऊ का मी?"

तो थांबला. थापी पिशवीत परत ठेवली, कानामागची पेन्सिल काढली, स्टुलावर चढला आणि भेगेच्या शेजारी, उघड्या भिंतीवर, कुणालाही वाचता येईल अशा मोठ्या अक्षरांत तारीख लिहिली. खाली लिहिलं, केसभर.

"बस इथंच," तो म्हणाला. "आणि जरा दिवा धर. मला नीट दिसत नाही."

ताईनं मशीन थांबवलं आणि दिवा घेतला. कसा धरायचा ते तिला सांगावं लागलं नाही.